सेवेची खतावणी

कोल्हापुरास शिकत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांना त्यांचे थोरले बंधू गोविंदराव दरमहा ८ रुपये पाठवीत असत, आणि गोविंदरावांचा स्वतःचा पगार त्या काळी १५ रुपये होता. वडिलांच्या निधनानंतर आपले शिक्षण अर्ध्यावर सोडून ज्याने नोकरी धरली, त्या कोवळ्या वयाच्या तरुणाने उरलेल्या ७ रुपयांत घरचा गाडा कसा ओढला असेल, हा विचार गोखल्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनातून कधी जात नाही; आणि महाराष्ट्रातील संस्थाबद्ध समाजसेवेची रोजकीर्द कोणी लिहावयास घेतलीच, तर तिच्या पहिल्या पानांवर या ८ रुपयांची नोंद असावी असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

समाजकार्याची पदवी घ्यावी की न घ्यावी, तिच्यापायी किती खर्च होईल आणि ती हाती आल्यावर महिन्याकाठी पदरात काय पडेल, हा प्रश्न तालुक्याच्या गावाहून आलेला मुलगा आणि त्याचा बाप महाविद्यालयाच्या कचेरीबाहेर उभे राहून एकमेकांना विचारू लागले, म्हणजे पुष्कळ सत्प्रवृत्त माणसांना त्यात सेवेची विटंबना झाल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. हा हिशेब आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला आहे; पूर्वी त्यातील खर्च ज्यांच्या माथी पडे त्यांच्या नावाचे खाते खतावणीत नव्हते, इतकेच.

विद्वानाचा आणि परोपकाऱ्याचा योगक्षेम समाजाने चालवावा ही कल्पना आपल्याला नवी नव्हे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई, देवस्थानांना इनामे आणि मठांना वर्षासने चालू असत, आणि इंग्रजी अंमल बसल्यावर त्याच दक्षिणेच्या रकमेतून पुढे महाविद्यालयात दक्षिणा फेलो नेमले गेले. परंतु १८८० नंतरच्या पुण्यात जी पिढी उभी राहिली, तिने दरबारचा तनखा जसा नाकारला तसा सरकारी हुद्दाही नाकारला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे काम करण्याची प्रतिज्ञा करून दरमहा ७५ रुपयांवर राहत. वकिलीची सनद किंवा मामलेदारी ज्यांना सहज मिळाली असती अशा पदवीधरांनी हा करार स्वखुशीने पत्करला. गोखले त्यांच्यापैकी एक. भावाने पोटाला चिमटा घेऊन ज्याला शिकविले, तो पदवी मिळताच वीस वर्षांच्या अल्प वेतनाची शपथ घेऊ पाहतो, या वार्तेने त्या घरात काय वाटले असेल, ते सांगावयास इतिहासाचे दप्तर लागत नाही.

पुढे १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागील टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि द्रविड, देवधर व पटवर्धन या तिघांना सदस्यत्वाची दीक्षा दिली. सदस्याने सात प्रतिज्ञा करावयाच्या. त्यांतील एक अशी की समाज आपल्यासाठी आणि आपल्या कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत मी समाधान मानीन आणि स्वतःकरिता द्रव्यार्जन करण्यात आपल्या शक्तीचा अंशही वेचणार नाही. या प्रतिज्ञेइतकीच महत्त्वाची, पण कमी आठवली जाणारी गोष्ट म्हणजे नव्या सदस्याने पाच वर्षे शिक्षण घ्यावयाचे असा जो दंडक होता तो. देशातील प्रश्नांचा अभ्यास करावा, प्रवास करून देश डोळ्यांनी पाहावा, आणि मगच कार्याला हात घालावा, असा तो क्रम होता. आपल्याकडील समाजकार्याच्या शिक्षणाचा पहिला पद्धतशीर अभ्यासक्रम मी यालाच म्हणेन. आजच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीपेक्षा तो अडीचपट दीर्घ होता, आणि त्याच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र न पडता द्रव्यार्जनाचा निषेध पडत असे.

या निषेधातील तेज मी कमी लेखीत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रात ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्या अशाच माणसांच्या खांद्यांवर उभ्या राहिल्या. पण व्रत एकाचे आणि उपास घरातल्या सर्वांचा, असा प्रकार त्यात होता हेही सांगितले पाहिजे. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापक झाले, १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास नेला, आणि १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापून संस्थेला सर्वस्व वाहणाऱ्या कार्यकर्त्यांचा एक वर्ग निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला. ही सारी सनावळी पाठ्यपुस्तकांत असते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ मात्र वाचावे तेव्हाच कळते की, कर्व्यांच्या मिळकतीची वाट आश्रमाकडे वळल्यावर मुलांचे खाणेपिणे, आजारपण आणि आल्यागेल्याचा पाहुणचार कोणाला निभवावा लागला. खतावणीची ही दुसरी बाजू एका बाईने घरात बसून, घरगुती भाषेत लिहून ठेवली, हे महाराष्ट्रावरचे मोठे उपकार होत.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा सगळा हिशेबच उलटा होता. पुरुषाने न मिळविणे हे व्रत ठरले, त्याच काळी विधवेने चार पैसे मिळविणे ही तिची सुटका होती. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदनाचे काम सुरू केले तेव्हा तेथे ज्या स्त्रिया आल्या, त्यांच्यापुढे त्याग करण्याजोगे काही उरलेलेच नव्हते. नवरा गेलेला, केस गेलेले, दिराच्या स्वयंपाकघरात दोन वेळच्या भाकरीसाठी राबणे एवढेच पुढ्यात. त्यांना शिक्षिका, सुईण किंवा परिचारिका होऊन स्वतःच्या कमाईवर उभे राहावयाचे होते, आणि रमाबाईंनी व देवधरांनी ती वाट उघडून दिली. उच्चवर्णीय घरातील स्त्रीने रुग्णालयात जाऊन परक्याचे मलमूत्र काढावे आणि त्याबद्दल पगार घ्यावा, यातील पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीनेच कित्येक घरांचा अधिक मानभंग झाला असावा अशी माझी समजूत आहे. फुकट शुश्रूषा ती घरी करीतच होती. दाम घेताच ती कोणाच्या तरी ताब्यातून निसटली. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली आणि पुढे इंग्रजीचे तुटपुंजे ज्ञान घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. सेवा आणि मजुरी यांच्यामधली भिंत आपल्या दोन हातांनी पाडणारी याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

शुश्रूषेचा व्यवसाय पुढे कायद्याने बांधला गेला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, शिक्षणाची इयत्ता ठरली, नोंदणीवही आली, आणि परिचारिकेच्या नावामागे कायद्याचे बळ उभे राहिले. समाजकार्याचा पदवीधर मात्र आजतागायत अशा वैधानिक परिषदेवाचून आहे. त्याच्या कामावर कोणालाही बसविता येते. त्याच्या मिळकतीच्या अस्थिरतेचे हे एक मोठे कारण आहे.

आता मुंबईकडे वळू. नारायण मल्हार जोशी हे १९०९ साली भारत सेवक समाजात आले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातील चाळींतून रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असे लीगचे काम चाले. जोशी स्वतः त्या द्रव्यार्जन-निषेधाच्या प्रतिज्ञेने बांधलेले होते, आणि तरीही समाजकार्यात पगाराची जागा निर्माण करण्याच्या कामी त्यांचा हात लागला, हे या इतिहासातील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारे प्रकरण आहे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाचे ते सदस्य होते. गिरणीत त्या वेळी जॉबरचा अंमल असे. कामावर कोणाला घ्यावे, कोणाला काढावे, हे तोच ठरवी आणि प्रत्येकाकडून दस्तुरी घेई. नोकरी लागताना दस्तुरी, टिकविताना दस्तुरी, आजारातून परत येताना पुन्हा दस्तुरी. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाचा पहिला पगार हाती पडण्याआधीच त्याला वाटे फुटलेले असत. १९३१ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली की कारखान्यांतून मजूर अधिकारी नेमावेत, ते सचोटीचे, माणसे ओळखणारे आणि कामगारांची भाषा जाणणारे असावेत, आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून त्यांच्या हाती द्यावे. मजुराला नाडणाऱ्याच्या जागी मजुराला जाणणारा बसवावयाचा तर त्याला शिकविणे आले. आणि त्याने दस्तुरीकडे पाहू नये तर त्याला पोटभर वेतन देणेही आले. वेतन आणि सचोटी यांचा संबंध इतक्या उघडपणे त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल.

हा माणूस शिकविणार कोण, याचे उत्तर नागपाड्यातून आले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ भायखळ्याजवळच्या त्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहूड हाऊस चालवीत. सर दोराबजी टाटांनी १९३२ साली, लेडी मेहरबाईंच्या निधनानंतर, आपली बहुतेक सारी मालमत्ता, पत्नीच्या जडजवाहिरासकट, विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. त्या निधीने मॅनशार्ट यांची योजना उचलून धरली आणि १९३६ साली त्याच वास्तूत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही देशातील पहिली व्यावसायिक समाजकार्य शाळा सुरू झाली. दोन वर्षांची पदविका, पदवीधरांनाच प्रवेश, आणि वर्गातील व्याख्यानांच्या जोडीला वस्तीत व संस्थांत जाऊन प्रत्यक्ष काम. टेकडीवरच्या दीक्षेपासून नागपाड्याच्या या वर्गापर्यंत अवघी एकतीस वर्षे गेली. एका ठिकाणी सेवकाचा शिक्षणकाल समाजाच्या वर्गणीवर, दुसऱ्या ठिकाणी एका धनिकाच्या वारशावर. विद्यार्थ्याच्या घराला सगळा भार अजून सोसावा लागत नव्हता.

१९४४ साली या शाळेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, १९५४ साली ती देवनारला गेली, १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मधल्या काळात पदविकेला बाजारात किंमत आली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती देशातील अशा प्रकारची पहिली. त्याहून मोठी दारे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने उघडली. त्याच्या ४९ व्या कलमान्वये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले, आणि राज्यांनी केलेल्या नियमांत त्याची शैक्षणिक पात्रता सांगितली गेली. सेवेची पदवी आणि पगाराची जागा यांच्यामध्ये कायद्याने पूल बांधला तो येथे. परळ-लालबागपासून ठाणे-बेलापूरपर्यंत आणि पुढे पिंपरी-चिंचवडपर्यंत जे कारखाने उभे राहिले, त्यांच्या फाटकाआड एक लहानशी खोली, बाहेर बाक, बाकावर रजेचा अर्ज किंवा मुलीच्या लग्नासाठी उचल मागणारा कामगार, आणि आत टेबलामागे समाजकार्याचा पदवीधर, हे दृश्य दोन पिढ्यांनी पाहिले.

परंतु या खोलीत एक गाठ होती. कल्याण कामगाराचे करावयाचे आणि पगार मालकाच्या तिजोरीतून घ्यावयाचा. अशा माणसाकडे बाकावरचा कामगार किती विश्वासाने पाहणार, आणि वरच्या मजल्यावरचा व्यवस्थापक त्याला किती मोकळीक देणार? कित्येक अधिकाऱ्यांनी ही कसरत निष्ठेने केली. पण पाण्याने उताराकडे जावे तशी ही शाखा हळूहळू कल्याणाकडून व्यवस्थापनाकडे सरकली. कामगारकल्याणाच्या अभ्यासक्रमाचे कर्मचारी व्यवस्थापन झाले, पुढे मनुष्यबळ व्यवस्थापन झाले, आणि समाजकार्याच्या संस्थेतूनच बाहेर पडणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी कारखान्याकडे गेलेल्याचा पगार आणि झोपडपट्टीकडे गेलेल्याचा पगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. शिक्षण एका छपराखाली घेतलेले, बुद्धी तुल्यबळ. एकाच्या कामाचे दाम देणारा होता, दुसऱ्याच्या कामाचा लाभ ज्याला होई त्याच्या खिशात दाम नव्हते. समाजकार्याच्या अर्थकारणातील मूळ अडचण ही आहे, आणि ती विद्यार्थ्याच्या लोभाने किंवा निर्लोभाने सुटणारी नाही. अशिलाची फी वकिलाला अशील देतो. टाकलेल्या बायकोची, पळून आलेल्या पोराची, कुष्ठरोग्याची फी दुसऱ्या कोणी तरी द्यावयाची असते, आणि तो दुसरा कोण, यावर सेवकाचे वेतन अवलंबून राहते.

महाराष्ट्रात तो दुसरा बव्हंशी सरकार झाले. मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन, नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था, पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था, आणि पुढे विदर्भ-खानदेशापर्यंत अनेक महाविद्यालये निघाली. समाजकल्याण खात्याच्या अनुदानाने त्यांतील कित्येकांचा संसार चालला. या विस्ताराने फार मोठे काम केले. शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या घरांपुरती असलेली ही विद्या मराठीतून जिल्ह्याजिल्ह्यांत गेली आणि ज्या वस्त्या पूर्वी सेवेच्या केवळ विषय होत्या, तेथील मुलेमुली सेवेचे कर्ते झाले. त्यांतल्या अनेकांना येथवर आणणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असतानाची ती कमाई. म्हणूनच २०१८ च्या फेब्रुवारीत, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची वसतिगृह व भोजनखर्चातील सवलत काढल्यावरून टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संप केला, तेव्हा मला त्यात केवळ शुल्काची तक्रार दिसली नाही. कोणाच्या घरातून समाजकार्यकर्ता निर्माण व्हावा, असा तो प्रश्न होता.

सरकारने शिक्षणाला अनुदान दिले, पण शिकलेल्याच्या कामाला त्या मानाने जागा दिल्या नाहीत. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे थोडी. पोलीस ठाण्यांतील महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष १९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केले आणि ते नमुनेदार ठरले, तरी त्यांनाही स्थैर्य सावकाशच आले. उरलेल्या बहुतेक जागा कराराच्या. अकरा महिन्यांचा आदेश, मग एखाद्या दिवसाचा खंड, मग नवा आदेश. आणि वेतनाऐवजी एक नवा शब्द: मानधन. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आपल्या राज्यात धारावी आणि मेळघाटातील धारणी येथे तिचे पहिले प्रकल्प निघाले, तेव्हापासून अंगणवाडीतील सेविकेला जे मिळते त्याला मानधनच म्हणतात. कीर्तनकाराला बिदागी देताना वापरावा असा हा आदराचा शब्द. त्याच्या आडून नियमित काम करणाऱ्या स्त्रीचा पगाराचा, रजेचा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क दूर ठेवला जातो, याची मला मनापासून चीड येते. गोखल्यांच्या सदस्यांनी द्रव्य नाकारले ते स्वतः. त्यांचा दाखला देऊन दुसऱ्याला द्रव्य नाकारण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला पोहोचत नाही.

तेव्हा त्या कचेरीबाहेरच्या बापाला काय सांगावे? मी तर त्याला म्हणेन की, पहिली काही वर्षे मुलाकडून घराला फारसे येईल असे धरू नका, कर्ज काढून भरमसाट शुल्काच्या खाजगी संस्थेत घालू नका, अनुदानित महाविद्यालय आणि शिष्यवृत्ती यांची आधी चौकशी करा. पण मुलाने विचारलेला पगाराचा प्रश्न निर्लज्जपणाचा आहे असे मात्र त्याला कोणाला म्हणू देऊ नका.

माझ्या परिचयातील एक मुलगी अशाच एका महाविद्यालयात शिकत होती. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असे. शहराच्या टोकाला खाणकामगारांची वस्ती, तेथे घरोघर जाऊन शाळा सोडलेल्या मुलांची माहिती घ्यावयाची आणि रात्री अहवाल लिहावयाचा. क्षेत्रकार्याच्या वहीबरोबर तिने एक दुसरी, लहान वही ठेवली होती, आणि एकदा बोलता बोलता ती तिने माझ्यापुढे धरली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, मधली रेघ पट्टीने मारलेली. उजवीकडे एस.टी.चे भाडे, तेथून पुढे वडापचे, झेरॉक्स, वस्तीतल्या मुलांसाठी रंगीत खडू, ग्रामीण शिबिराची वर्गणी, एके ठिकाणी एका बाळाच्या तापाचे औषध. डावीकडे दर महिन्याच्या सात-आठ तारखेला एकच नोंद: दादाकडून. बारावीनंतर शाळा सोडून तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता, असे तिने सांगितले. वहीच्या शेवटच्या पानावर तिने त्या सगळ्या नोंदींची बेरीज मांडली होती, दर महिन्याला खोडून नवी, आणि तिच्याखाली शाईने दोन शब्द लिहिले होते: परत करायचे.